कागद गेला, मग रद्दी कुठे गेली?

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या दोस्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरत आला. जगातल्या देशांची कागद आणि पुठ्ठ्याची निर्यात, रंगीत पट्ट्यांमध्ये. भारताची पट्टी वेगळ्या रंगात आणि शेजारी ठळक आकडे : २०१६-१७ साली ६ लाख ६० हजार टन, २०२१-२२ साली २८ लाख ५० हजार टन. रुपयांत ३,०४१ कोटींवरून १३,९६३ कोटी. पाच वर्षांत चौपट. आकडे बनावट नाहीत. त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत ते छापून आले होते. ग्रुपवर झेंडे, टाळ्या, अंगठे असा नेहमीचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, "चीन झोपला, आपण उठलो."

तो तक्ता मी मामूंना दाखवला. मामूंचं भिवंडीत रद्दीचं दुकान आहे, चाळीसेक वर्षं झाली. शिक्षण सातवीपर्यंत, पण कागद बोटांत धरून तो कुठल्या गिरणीचा असेल ते सांगतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "बेटा, कागद गेला ते लिहिलंय. त्याच्यासाठी जी रद्दी आली, ती कुठे आहे ह्यात?"

ती त्या तक्त्यात नव्हती. असू शकतही नाही, आणि त्याचं कारण सरकारी कारकुनीत आहे. जगभरचे कस्टमवाले प्रत्येक मालाला एक क्रमांक देतात. ही यादी सगळ्या देशांत सारखी आहे, म्हणून तर देशादेशांची तुलना करता येते. या यादीत कागद आणि पुठ्ठा ४८व्या प्रकरणात येतो. कागदाचा लगदा आणि रद्दी ४७व्या प्रकरणात. छापलेली पुस्तकं, वर्तमानपत्रं ४९व्या. आणि ज्या खोक्यात बंद होऊन मोबाइल किंवा आंबे परदेशी जातात, ते खोकं कुठल्याच कागदी प्रकरणात येत नाही, ते मोबाइलच्या किंवा आंब्याच्या हिशेबात जातं. म्हणजे एकच झाड, एकच तंतू चार वेगवेगळ्या खात्यांत लिहिला जातो. आपण त्यातलं एक खातं उघडतो, देशांना रांगेत उभं करतो आणि पहिला नंबर कुणाचा ते जाहीर करतो.

माझं म्हणणं असं आहे की ४८वं प्रकरण एकटं वाचून कुठल्याही दोन देशांची तुलना करू नये. शेजारी ४७वं उघडलं नाही तर फसगत ठरलेली. आपल्या देशाच्या त्या चौपट पट्टीच्या बाबतीत ती झालीच आहे.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपासून चीन जगाचा कारखाना झाला. खेळणी, टीव्ही, कपडे, सगळं खोक्यांत भरून अमेरिकेला जायचं. खोक्यांना कागद हवा, आणि चीनकडे जंगल कमी. दुसरीकडे माल उतरवून अमेरिकेच्या बंदरांत कंटेनर रिकामे उभे. परत तर न्यायचेच आहेत, मग भाडं जवळजवळ फुकटात. या रिकाम्या कंटेनरांत अमेरिकेची रद्दी भरून चीनला न्यायची, हा धंदा ज्यांनी ओळखला त्यांत झांग यिन नावाची एक बाई होती. हाँगकाँगमध्ये रद्दीच्या व्यापारातून सुरुवात, मग अमेरिकेत रद्दी गोळा करणारी कंपनी, मग चीनमध्ये 'नाइन ड्रॅगन्स' ही कागद गिरणी. २००६ साली चीनमधल्या श्रीमंतांच्या यादीत ती पहिली आली. आपल्याकडे रद्दीवाल्याला दारात पाणी विचारतानाही लोक विचार करतात, म्हणून हा तपशील मला मुद्दाम सांगावासा वाटला. मामूंना सांगितला तर म्हणाले, "मग? धंदा तर हाच आहे. तिचा तराजू मोठा."

तर एकेकाळी चीन वर्षाला जवळपास तीन कोटी टन रद्दी बाहेरून घेत होता. ती रद्दी स्वच्छ नसे. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डायपर, काय वाटेल ते तिच्यात येई. हा कचरा चीनच्या गावांत, नद्यांत जाई. जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की आता पुरे. वर्षअखेरीपासून न निवडलेली मिश्र रद्दी बंद. मार्च २०१८ पासून बाकीच्या रद्दीत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त घाण चालणार नाही. आणि १ जानेवारी २०२१ पासून बाहेरची रद्दी पूर्ण बंद.

पण खोकी तर लागणारच होती. अॅमेझॉन, अलीबाबा आणि पुढे करोनातली घरपोच खरेदी. चीनच्या कायद्याने रद्दी अडवली होती, रद्दीपासून झालेला लगदा आणि तपकिरी कागदाचे रोल अडवले नव्हते. मग रद्दीने वाट बदलली. अमेरिका आणि युरोपचे कंटेनर मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड आणि भारताकडे वळले. इथे त्यातली घाण काढायची, उकळायचं, रोल करायचा आणि चीनला पाठवायचा. नाइन ड्रॅगन्सने तर २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच काही जुन्या गिरण्या विकत घेतल्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी गिरणी घेतली, ज्यांच्याकडे स्वस्त मजूर होते त्यांनी रद्दी घेतली.

ग्रुपवरच्या तक्त्यातल्या भारताच्या पट्टीत या तपकिरी रोलचा वाटा मोठा आहे. सगळी वाढ तीच, असं मी म्हणत नाही. लिहिण्या-छापण्याचा कागदही आपल्याकडून गेला, आणि चांगला गेला. पण रोलच्या बाबतीत आपण काय निर्यात केलं, याचा नीट विचार करा. अमेरिकेचं जुनं खोकं इथे आलं. इथलं पाणी, इथला कोळसा, इथल्या बायकांचे हात लागले. स्वच्छ तंतू पुढे चीनला गेला. मागे राहिला तो गाळ, प्लास्टिक आणि धूर. चीनने स्वतःच्या गावातून काढलेलं काम आपण अंगावर घेतलं, आणि कस्टमच्या वहीत ते 'निर्यातवाढ' म्हणून नोंदलं गेलं.

उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर कागद गिरण्यांचं मोठं केंद्र आहे. रद्दीच्या गाठींतून निघालेलं परदेशी प्लास्टिक त्या भागात भट्ट्यांत जळतं, हे २०२२ साली पत्रकारांनी तिथे जाऊन दाखवलं. त्याहून अंगावर येणारी गोष्ट इंडोनेशियाची आहे. तक्त्यात इंडोनेशियाची पट्टी आपल्यापेक्षा उंच होती, त्यामुळे तिथेही कुणीतरी टाळ्या वाजवत असेलच. पूर्व जावामध्ये बांगुन नावाचं गाव आहे. आसपासच्या गिरण्या रद्दीतून निघालेलं प्लास्टिक तिथे आणून टाकतात. गावकरी ते भाताच्या शेतासारखं अंगणात वाळत घालतात, विकण्याजोगं वेचतात आणि उरलेलं ट्रोपोडो नावाच्या दुसऱ्या गावी जातं. तिथे टोफू करणारे घरगुती कारखाने आहेत, त्यांच्या चुलीत सरपण म्हणून ते जाळलं जातं. २०१९ साली पर्यावरण संघटनांनी ट्रोपोडोतल्या गावठी कोंबड्यांची अंडी तपासली तेव्हा त्यांत डायॉक्सिन हे विष भयंकर प्रमाणात सापडलं. त्या गावांत मशीद आहे, मदरसा आहे, आपल्यासारखीच माणसं आहेत. पण कागदाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कुठल्याही तक्त्यात अंड्यांचा रकाना नसतो.

आता मामूंच्या दुकानात या. चीनने रद्दी बंद केली तेव्हा, २०१८-१९ मध्ये, जगभर रद्दीचे ढीग साचले, भाव पडले. स्वस्त गाठी न्हावा शेवाला उतरायला लागल्या. गिरणीवाला म्हणायचा, परदेशी माल तुझ्यापेक्षा बरा, तंतू लांब आहे, भाव कमी कर. मामूंनी भाव कमी केला की दारोदार फिरणाऱ्या पोराचा भाव त्याहून जास्त कमी व्हायचा. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर सगळं उलटं फिरलं. कंटेनर मिळेनात, भाडं अनेक पटींनी वाढलं, परदेशी रद्दी महाग झाली. वर्तमानपत्रांची रद्दी दहा-बारा रुपये किलोवरून पंचवीसच्या पुढे गेली. मामूंचे ते दिवस बरे गेले असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "भाव चढला, पण माल कुठे होता? लोकांनी पेपरच बंद केले होते."

मामूंच्या समोरच्या गाळ्यात खोकी करणारा एक कारखानदार होता. त्याची अडचण निराळी. गिरणीला चीनकडून जास्त भाव मिळत होता, त्यामुळे इथल्या खोकेवाल्याला रोल मिळेना, मिळाला तर महिन्याला भाव वाढलेला. खोकी घेणारा मोठा गिऱ्हाईक मात्र वर्षाचा दर ठरवून बसलेला. २०२०-२१ मध्ये खोकेवाल्यांच्या संघटना सरकारकडे ओरडत होत्या की तपकिरी कागदाची निर्यात आवरा. त्या गाळ्यात अकरा माणसं कामाला होती. शटर उतरलं ते आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे. निर्यातीचा विक्रम आणि हे शटर, दोन्ही एकाच वर्षातले.

आणि ती पट्टी टिकली का? २०२३-२४ मध्ये चित्र पुन्हा पालटलं. आयात ३४ टक्क्यांनी वाढून १९ लाख ३० हजार टनांवर गेली आणि त्याच गिरण्या सरकारकडे संरक्षण मागू लागल्या. तो ताजा तक्ता ग्रुपवर कुणी पाठवला नाही.

इतर देशांकडेही जरा पाहू, नाहीतर वाचकांना वाटेल की मला फक्त आपल्याच पट्टीत खोट काढायची आहे. जर्मनी घ्या. कागदाच्या मोठ्या निर्यातदारांत जर्मनीचं नाव वरच्या ओळीत असतं. मोठ्या आयातदारांतही वरच्याच ओळीत असतं. अर्ध्याहून जास्त कागद बाहेर विकायचा आणि साधारण तेवढाच बाहेरून आणायचा, असा तो हिशेब. ज्याने फक्त निर्यात पाहिली त्याला जर्मनी कागदाचा दाता वाटेल, ज्याने फक्त आयात पाहिली त्याला भिकारी. फिनलंडचं तसं नाही. लोकसंख्या पंचावन्न लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी, आणि बनवलेल्या कागदातले दहांतले नऊ भाग बाहेर जातात. तिथे निर्यातीचा आकडा खरोखर काहीतरी सांगतो. ब्राझीलची पट्टी ४८व्या प्रकरणात बेताचीच दिसते, कारण तो कागद विकत नाही, लगदा विकतो. निलगिरीचं झाड तिथे सातेक वर्षांत तोडणीला येतं. लगद्याच्या निर्यातीत ब्राझील जगात पहिला आहे. चीनचा कागद पांढरा दिसतो त्यात ब्राझीलची माती आहे, पण ते ४७व्या प्रकरणात.

दरडोई वापराची तुलना त्यातल्या त्यात प्रामाणिक. भारतात माणशी वर्षाला पंधरा-सोळा किलो, जगाची सरासरी सत्तावन्नच्या आसपास, अमेरिका दोनशेच्या जवळ. पण इथेही मला एक शंका येते. त्या दोनशे किलोंत वही किती आणि पिझ्झ्याचं खोकं किती? आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या पंधरा किलोंत वही किती? वजनाने विचार मोजता येत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. आपण रोज जे शब्द बोलतो ते या व्यापाराचीच पावती आहेत. कागद हा शब्द फारसीतून आला. चोवीस तावांचा दस्ता फारसी, म्हणजे हातात मावेल तेवढा. रद्दी, जिल्द, कलम, सगळे अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. आणि ज्याला आपण इंग्रजी समजतो तो 'रीम' मुळात अरबी आहे, रिज्मा म्हणजे गठ्ठा. अरबीतून स्पॅनिशमध्ये, तिथून फ्रेंच, इंग्रजी आणि मग आपल्या स्टेशनरीच्या दुकानात. चीनची ही कला आठव्या शतकात समरकंदला रुजली, त्याच शतकाच्या अखेरीला बगदादमध्ये कागद होऊ लागला. पुढे दमास्कस, कैरो, फेझ, अंदलुस. युरोप कित्येक पिढ्या हा कागद विकत घेत होता.

आमच्याकडच्या सभांमध्ये ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. 'जगाला कागद आम्ही दिला', टाळ्या, चहा. पुढचं कुणी सांगत नाही. तेराव्या शतकात इटलीत फाब्रियानोच्या कारागिरांनी पाणचक्कीवर चालणारे हातोडे, जनावरांच्या सरसाची खळ आणि कागदात उमटणारं पाणचिन्ह आणलं. त्यांचा कागद टिकाऊ आणि स्वस्त झाला आणि उलटा वाहू लागला. १४०९ साली आजच्या अल्जीरियातल्या त्लेमसेन शहरात इब्न मर्झूक नावाच्या फकीहापुढे प्रश्न आला : हा रूमी कागद ख्रिस्ती लोक बनवतात, त्यातल्या पाणचिन्हात कधी क्रूस असतो, कधी प्राण्याचं चित्र, अशा कागदावर लिहिणं जायज आहे का? इब्न मर्झूकने जायज ठरवलं. अल्लाहचं नाव त्यावर लिहिलं गेलं की क्रूस झाकला जातो, असा त्याचा रोख होता. हा फतवा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात सहिष्णुता आहे, हे बरेच जण सांगतात. मला त्यात लाचारीही दिसते. ज्यांच्या शहरांनी युरोपला कागद दिला होता, त्यांच्या नातवंडांना कुराण लिहायला दुसऱ्याचा कागद शुद्ध कसा मानायचा, हा प्रश्न पडला. गिरणी गेली की फतवा काढावा लागतो.

महाराष्ट्रातही हेच झालं. जुन्नर आणि दौलताबादचा कागद पेशवाईत नावाजलेला होता. करणारे कागदी, म्हणजे कागद बनवणारे मुसलमान कारागीर. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा ही नावं त्यांचीच. तागाचे जुने दोर, पोती कुजवून, कुटून, हौदात कालवून ताव काढायचा आणि गोट्याने घोटून गुळगुळीत करायचा. म्हणजे तोही रद्दीचाच धंदा. मराठीची मोडी दफ्तरं ज्यावर लिहिली गेली त्यातला कितीतरी कागद या लोकांच्या हातचा आहे. मराठी आणि मुसलमान यांचं नातं शोधायला फार लांब जावं लागत नाही, दफ्तराचं पान उजेडात धरलं तरी पुरे. पुढे इंग्रजी गिरणीचा कागद आला. १८५९ ते १८६६ सर चार्ल्स वुड भारतमंत्री होते, त्यांच्या काळात हुकूम निघाला की सरकारी कचेऱ्यांना लागणारा सगळा कागद इंग्लंडातून घ्यावा. सर्वांत मोठा गिऱ्हाईक एका सहीने गेला. कागदी आडनाव राहिलं, हौद गेले.

म्हणून कागदाच्या व्यापाराकडे मी नुसता आकडा म्हणून पाहू शकत नाही. तो कुणाला लिहू देतो आणि कुणाला नाही, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

मार्च २०२२ आठवा. श्रीलंकेकडे डॉलर संपले. कागद आणि शाई आयात करता येईना, म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या सत्रपरीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. 'द आयलंड' आणि 'दिवयिन' या दैनिकांनी छापील अंक थांबवले. कुणी बंदी घातली नव्हती, संपादकाला अटक झाली नव्हती. कागद नव्हता. त्या आधी २०१८ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या वर्तमानपत्री कागदावर जबर आयातकर लावला तेव्हा अमेरिकेतल्याच गावोगावच्या छोट्या पत्रांनी पानं कापली, माणसं काढली. ऑगस्टमध्ये तो कर रद्द झाला, पण कापलेली पानं सगळीकडे परत आली नाहीत.

आपल्याकडे वर्तमानपत्री कागदातला निम्म्याहून जास्त परदेशातून येतो. २०१९च्या अर्थसंकल्पात त्यावर दहा टक्के आयातशुल्क लावलं, पुढच्या वर्षी पाच केलं. जगात दुसरीकडे हा कागद करणाऱ्या गिरण्या बंद होत आहेत किंवा खोक्यांच्या पुठ्ठ्याकडे वळत आहेत. फिनलंडमधली वर्तमानपत्री कागदाची शेवटची गिरणी, कायपोलाची, २०२०च्या अखेरीला बंद झाली. मग २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध, रशिया आपला मोठा पुरवठादार. टनाला सुमारे साडेचारशे डॉलरचा कागद हजाराच्या घरात गेला. मोठ्या दैनिकांनी जाहिराती वाढवल्या, पानं कमी केली, तगली. छोट्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

आम्ही सात-आठ जण मिळून दर वर्षी मराठीत एक ईद विशेषांक काढत होतो. आमच्या मुली, आमच्या गावचे शिक्षक, एसटीतले कंडक्टर लिहायचे. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हटलं की अजूनही लोक 'अरे वा' म्हणतात, जणू मासा झाडावर चढला. म्हणून हा अंक आम्हाला हवा होता. ९६ पानं, आठशे प्रती. २०२२ मध्ये छापखान्याने कागदाचा दर सांगितला आणि अंक ६४ पानांवर आला. कविता आधी गेल्या, मग नव्या मुलांच्या कथा. दुसऱ्या वर्षी आम्ही पीडीएफ केली. ती किती जणांनी उघडली ते मोबाइल सांगतो : एकशे चाळीस. माझ्या खालाने विचारलं, "या वर्षी पुस्तक नाही आलं?" तिला पीडीएफ म्हणजे काय ते मी सांगितलं, ती हो म्हणाली, आणि पुन्हा विचारलं, "मग पुस्तक कधी येईल?"

आता गिरणीवाल्यांची बाजू. ते म्हणतात, आग्नेय आशियाशी झालेल्या करारामुळे तिथला कागद आणि पुठ्ठा शून्य शुल्कात येतो, तिथे लाकूड स्वस्त, सरकारी सवलती मोठ्या, आम्ही कसे टिकायचे? आणि आमच्यासाठी सुबाभूळ, निलगिरी लावणारा शेतकरी कसा टिकणार? या म्हणण्यात तथ्य आहे. आंध्र-तेलंगणातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सुबाभळीने पैसा दिला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुठ्ठ्याचा बाजार कुणी पाडून विकत असेल तर त्यावर शुल्क लावा, माझी हरकत नाही. सुगंधी साबणाची डबी दोन पैशांनी महागली तर कुणाचं शिक्षण थांबत नाही. पण 'कागद' या एका शब्दाखाली सगळ्यांना एकच कुंपण घालू नका. वर्तमानपत्राचा कागद, पाठ्यपुस्तकाचा कागद आणि वही हे शुल्काबाहेर ठेवायला हवेत. आणि रद्दीच्या आयातीवर नुसतं शुल्क पुरेसं नाही, चीनने लावली तशी स्वच्छतेची अट लावा आणि बंदरातच गाठी फोडून तपासा. आपल्या देशातला सुमारे सत्तर टक्के कागद रद्दीपासून होतो. तरीही घरातली रद्दी गिरणीपर्यंत पोचवणाऱ्या माणसाला आपण धड ओळखपत्र देत नाही, हातमोजे देत नाही आणि अमेरिकेच्या रद्दीला कंटेनर देतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून या कष्टकऱ्यांना ओळख मिळवून दिली, ते काम भिवंडी-मालेगावात का होऊ नये? आमचे पुढारी कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी आणतात, चांगलं आहे. रद्दी निवडणाऱ्या बायकांच्या शेडसाठीही आणावा.

मागच्या जुम्याला नमाजनंतर मामूंकडे गेलो होतो. ते वापीच्या एका गिरणीत माल पोचवून आले होते. तिथल्या आवारात अमेरिकी गाठींतून पडलेलं एक पान त्यांनी खिशात घालून आणलं होतं. कुठल्याशा शाळेतल्या मुलाची गणिताची वही, शिसपेन्सिलने केलेले भागाकार, शेवटचा चुकलेला. मागची बाजू कोरी होती. मामूंनी तिच्यावर त्या दिवसाचा हिशेब लिहिला होता.

घरी येऊन मी ग्रुपवर त्या तक्त्याखाली एवढंच लिहिलं की ४७व्या प्रकरणाचा असाच तक्ता कुणाकडे असेल तर टाका. दोन अंगठे आले आहेत. तक्ता अजून आलेला नाही.